प्लास्टर साच्यासाठी मॉडेल व्हायचंय? आधी हे विचारून घ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. ओळखीतला एक मुलगा शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शनासाठी त्याला एका स्त्रीच्या शरीराचा, मानेपासून मांडीपर्यंत, प्लास्टर साचा घ्यायचा आहे आणि त्यासाठी त्यानं तुम्हाला विचारलंय. ‘दोन तासांचं काम आहे, काही होत नाही,’ असं तो म्हणतो. तुम्हाला करून बघायची उत्सुकता आहे. पण प्लास्टरनं भाजतं का, श्वास कोंडतो का, पोझ कुठली द्यायची, पैसे मागायचे का आणि नंतर त्या साच्याचं काय होतं, हे काही कळत नाहीये.

मी १९ वर्षं असे साचे घेण्याचं काम करते आहे. कॉलेजात असताना तीन वेळा स्वतः साच्यात उभी राहिले आहे, त्यामुळे दोन्ही बाजू अंगावर घेतलेल्या आहेत. तुमचे सगळे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. अंगावर प्लास्टर असताना तुम्ही ‘थांब’ म्हणालात तर तो किती वेळात थांबू शकेल, आणि थांबेल का? प्लास्टर किती थर लावायचं, पोझ कशी घ्यायची, खोलीत कोण असावं, कागदावर काय लिहावं, हे सगळं त्यावरून ठरतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून सांगता येणार नाहीत. तुम्हाला दमा आहे का, रक्तदाब कमी असतो का, उभ्या उभ्या चक्कर येते का, बंद जागेत जीव घाबरतो का, त्वचेला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे त्याला आधीच सांगा. त्यानं विचारलं नसेल तरी सांगा. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शेवटच्या महिन्यांत पोटाचा साचा घेण्याची हौस हल्ली पुष्कळ जोडप्यांना असते आणि मीही असे साचे घेतले आहेत. पण मी त्या बाईला पाठीवर सपाट झोपवत नाही. गर्भाशयाच्या वजनानं मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि तिला भोवळ येते. तिला मागे रेलून बसवते आणि थर पातळ ठेवते.

आता भाजण्याबद्दल. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढून टाकलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते पुन्हा जिप्सम होतं आणि होताना उष्णता बाहेर टाकतं. पातळ थराची उष्णता हवेत निघून जाते, अंगाला नुसती ऊब लागते. जाड गोळ्याची मात्र आतच कोंडते आणि तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. त्वचेला ५० अंश काही मिनिटं लागले तरी इजा होते. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीनं हाताचा साचा काढायला दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर घट्ट झालं, हात निघेनात, आणि तिची बहुतेक सगळी बोटं गेली. म्हणून हा नियम पक्का धरा: कालवलेल्या ओल्या प्लास्टरात शरीराचा कुठलाही भाग बुडवायचा नाही, आणि घमेल्यात कालवलेलं प्लास्टर थेट अंगावर ओतू द्यायचं नाही. तो असं काही सुचवत असेल तर तिथेच नाही म्हणा.

अंगावर यायला हवं ते प्लास्टर बँडेज, हाडांचे डॉक्टर वापरतात तेच. औषधांच्या किंवा सर्जिकलच्या दुकानात १० आणि १५ सेंटिमीटर रुंदीचे रोल मिळतात. ते साध्या किंवा जेमतेम कोमट पाण्यात बुडवायचे. घाईपोटी काही मुलं गरम पाणी घेतात, कारण त्यानं प्लास्टर लवकर धरतं. पण तितकंच ते तापतंही. मी चार थर लावते, कडांना आणि कमरेशी सहा. त्याहून जास्त मजबुती हवी असेल तर साचा अंगावरून काढल्यावर बाहेरून काथ्या आणि प्लास्टर लावून देते, गणपतीच्या कारखान्यात देतात तशी. साचा धरत असताना त्यावर टॉवेल, चादर, उशी असं काहीही टाकू देऊ नका. तुम्हाला थंडी वाजतेय म्हणून कुणी प्रेमानंच पांघरूण घालेल, आणि आतली उष्णता तिथेच कोंडून राहील. थंडी वाजणारच आहे. पहिली पाच-सात मिनिटं ऊब वाटते आणि नंतर ओलं बँडेज गारठा धरतं. म्हणून पांघरूण नको, खोली उबदार हवी आणि पंखा बंद हवा.

पण इतक्या वर्षांत माझ्या कामात सगळ्यात मोठी भीती उष्णतेची नसते, चक्कर येण्याची असते. स्वतंत्र काम सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका मुलीला उभं करून पुढचा साचा घेत होते. नृत्य शिकणारी होती, अंगानं काटक, त्यामुळे मी निर्धास्त होते. अठराव्या मिनिटाला तिच्या ओठांचा रंग गेला. ती काही बोलली नाही, कारण साचा बिघडेल असं तिला वाटत होतं. मदतनीस मागे उभी होती, तिनं धरलं म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. नंतर कळलं, सकाळपासून पोटात फक्त चहा होता, आणि पोझ हलू नये म्हणून तिनं गुडघे ताठ आवळून धरले होते. गुडघे आवळले की पायांच्या स्नायूंची हालचाल थांबते, रक्त खाली साचतं आणि मेंदूला कमी पडतं. चूक माझी होती. मी तिला जेवलीस का असं विचारलंच नव्हतं, आणि ‘साचा गेला तर जाऊ दे’ हे तिला आधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून नियम ठरलाय. मॉडेलनं तासाभरापूर्वी नीट खाऊन यायचं, पोळी-भाजी, उपमा, काहीही. उपासाच्या दिवशी काम नाही. उभी पोझ असेल तर पाठीमागे टेकायला फळी आणि हाताशी धरायला काठी किंवा रेलिंग. गुडघे जरासे सैल. सलग उभं राहणं वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. तो तुम्हाला ‘दोन तास’ म्हणालाय, ते दोन तास कसे वाटलेत ते विचारा. तयारी अर्धा तास, पुढची बाजू वीस-पंचवीस मिनिटं, विश्रांती, मग पाठीची बाजू तितकाच वेळ, आणि बाकी धुणं-पुसणं, असं असेल तर हिशेब बरोबर आहे. सलग पोझच तास-दीड तासाची असेल तर त्याला अजून तंत्र आलेलं नाही. एकटाच बँडेज लावणार असेल तरीही तेच. दोघं लावणारे आणि तिसरं माणूस फक्त तुमच्या चेहऱ्याकडे बघणारं, इतकी माणसं मला लागतातच.

छातीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढून-मागून एकाच वेळी गुंडाळून बंद खोका करू द्यायचा नाही. प्लास्टर धरलं की ते ताणत नाही, बरगड्यांना फुलायला जागा उरत नाही आणि भीतीनं श्वास आणखी भरभर होतो. साचा दोन भागांत घ्यायचा आणि बगलेखालून कमरेपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या ठेवायच्या. बँडेज लावताना पोट आत ओढून धरू नका. चांगलं दिसावं म्हणून ही सवय सगळ्यांनाच असते. पाच मिनिटांत तुम्ही दमता, पोट सैल सोडता, आणि साच्याच्या आत पोकळी राहते. नेहमीचा श्वास घ्या, किंचित भरलेला. आणि गोल टोकाची बँडेज कापायची कात्री हाताच्या अंतरावर दिसली पाहिजे. माझ्याकडे ती कायम खिळ्याला टांगलेली असते. मॉडेल आली की पहिल्यांदा तिला ती दाखवते.

चेहरा तुमच्या बाबतीत नाहीये, पण काम छान झालं की तो ‘चेहराही घेऊ या का?’ असं विचारेल. त्याच दिवशी हो म्हणू नका, तो वेगळा दिवस, वेगळी तयारी. इटलीत १४०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या कारागिरीच्या एका पुस्तिकेत चेहऱ्याच्या साच्यासाठी नाकपुड्यांत धातूच्या नळ्या घालायला सांगितलंय, आणि मॉडेल कुणी मोठा सरदार असेल तर प्लास्टर गुलाबपाण्यात कालवायला. मी नळ्या वापरत नाही. त्यांनी नाकाचा आकार बिघडतो आणि धक्का लागला तर दुखापत होते. नाकपुड्या मोकळ्या ठेवते आणि एका माणसाला फक्त तिथेच लक्ष द्यायला बसवते. सर्दी असेल तर काम पुढे ढकलते. घरी एकदा ओला टॉवेल नाक सोडून चेहऱ्यावर ठेवून दहा मिनिटं पडून बघा. जमलं तर पुढचं बोला.

त्वचा आणि केस. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ओल्या बँडेजचा लहान तुकडा दहा मिनिटं लावून बघा. लाली, खाज आली तर काम नाही. त्या दिवशी अंगाला केस असतील तिथे व्हॅसलीनचा चांगला जाड थर लागतो. नुसतं खोबरेल तेल पुरत नाही. ते त्वचेत मुरतं आणि बँडेज केसांना धरतं. बाकी अंगावर पातळ हात पुरे, नाहीतर बोटांचे फराटे साच्यात उमटतात. जिथे केस दाट आहेत तिथे स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म लावायची. नुकतंच वॅक्सिंग केलेलं असेल तर दोन दिवस जाऊ द्या. दागिने सगळे काढायचे, बांगड्या, मंगळसूत्र, पैंजण, पोटावरचं पिअर्सिंगसुद्धा.

आणि त्या दिवशी घरून निघताना सैल कपडे घाला. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. परकराच्या नाडीचा, लेगिंगच्या इलॅस्टिकचा, ब्राच्या पट्ट्यांचा वळ त्वचेवरून जायला तास-दीड तास लागतो, आणि तो साच्यात जसाच्या तसा येतो. एकदा पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. कमरेवर नाडीचा वळ होता, चाळीस वर्षांच्या साडीनं पडलेला, कायमचाच. त्यांच्या डाव्या दंडावर लहानपणच्या लशीची खूणही होती. मी म्हटलं, हे नंतर कानशीनं घासून सपाट करता येईल. त्या म्हणाल्या, ‘मग माझा साचा कशाला घेतेस?’ मी कानस बाजूला ठेवली. ते शिल्प माझ्या स्टुडिओत दारासमोर आहे आणि येणारी प्रत्येक बाई त्या वळावर बोट ठेवून बघते.

पोझविषयी तुम्ही विचारलंत, तर झोपून देऊ नका. झोपलं की छाती आणि पोट बाजूला पसरतं, आणि तो साचा भिंतीवर उभा लावला की शरीर चेपल्यासारखं दिसतं. उंच स्टुलावर टेकून, वजन एका पायावर, एक हात मांडीवर, ही पोझ टिकते आणि जिवंत दिसते. हात डोक्यावर नेणारी पोझ कागदावर छान वाटते, पण दहा मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. काखेत, गुडघ्यामागे, मुठीत बँडेज अडकतं आणि कडक साचा निघताना त्वचा खेचतो, म्हणून अशा ठिकाणी पोझ थोडी उघडी ठेवायची. घरी आरशासमोर ती पोझ घेऊन मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावा. आठव्या मिनिटाला काय दुखतं ते कळेल. त्याला तसं सांगा आणि पोझ बदलून घ्या. तो तक्रार मानणार नाही, निदान मानू नये. मातीत काम करताना शिल्पकार मॉडेलकडे बघतो आणि आकार स्वतः घडवतो. इथे आकार तुमच्याच अंगानं घडतो.

याच कारणामुळे आपल्याकडचे बरेच शिक्षक लाइफ कास्टिंगला, म्हणजे जिवंत शरीरावरून साचा घेण्याला, नाक मुरडतात. १८७७ मध्ये फ्रेंच शिल्पकार रोदँवर हाच आरोप झाला होता. ‘कांस्ययुग’ हा पुतळा त्यानं मातीत घडवलेला नाही, जिवंत माणसावरून साचा काढलाय, असं लोक म्हणाले. मॉडेल होता ओग्युस्त नेट नावाचा बेल्जियन सैनिक. शेवटी रोदँनं त्याचे फोटो काढून घेतले आणि पुतळा व माणूस यांच्यातला फरक दाखवला. साचा घेणं ही चोरी मानली जात होती त्या काळात. मला ती चोरी वाटत नाही. पण साचा घेतल्यावर त्यापुढे शिल्पकार स्वतः काय करणार आहे, हा प्रश्न खरा आहे, आणि तो तुम्ही त्या मुलाला जरूर विचारा.

तो विचारायचं आणखी एक कारण तुमच्या सोयीचं आहे. अमेरिकेतला शिल्पकार जॉर्ज सीगल १९६१ मध्ये प्लास्टर बँडेजकडे वळला. पहिला साचा त्यानं स्वतःच्याच अंगावर, बायकोच्या हातून लावून घेतला, आणि तो काढताना त्याचे हाल झाले. नंतर तो घरचे लोक आणि मित्र यांचे साचे घेत राहिला. सुरुवातीची बरीच वर्षं तो बँडेजची बाहेरची बाजूच शिल्प म्हणून ठेवायचा. खडबडीत, पांढरी, माणूस आत कुठेतरी झाकलेला. पुढे सत्तरच्या दशकात तो साच्याच्या आत प्लास्टर ओतून आतली बाजू दाखवू लागला, आणि त्वचेच्या सुरकुत्या दिसू लागल्या. तुमचा शिल्पकार कुठली बाजू दाखवणार आहे? बाहेरची असेल तर तुमची आईसुद्धा ओळखणार नाही. आतली असेल तर तीळ, टाके, जन्मखुणा सगळं येईल. आणि बँडेजऐवजी दातांचे डॉक्टर वापरतात ते अल्जिनेट असेल, तर त्वचेची रंध्रंसुद्धा येतील. अल्जिनेट अंगाला सौम्य असतं, भाजत नाही, पण ते रबरासारखं लिबलिबीत असल्यामुळे आकार धरायला त्यावर बाहेरून बँडेजचं कवच लागतंच.

खोलीतल्या वागण्याबद्दल स्पष्ट बोलते. व्हॅसलीन तुम्ही स्वतः लावायचं. हात पोचत नाही तिथे तुमच्या पसंतीच्या बाईनं लावायचं. बँडेज लावताना स्पर्श होणारच, तो कुठे आणि कोण करणार हे आधी कपड्यांवरून दाखवायला सांगा. कपडे बदलायला वेगळी जागा आणि गाऊन हवा. सोबत मैत्रीण किंवा बहीण असू द्या, आणि ती तुमच्या समोर बसलेली असावी. सगळ्यांचे मोबाइल बाहेर. प्रक्रियेचे फोटो हवे असतील तर कुणी, कुठल्या टप्प्यावर आणि कुठल्या कोनातून काढायचे ते आधीच ठरवायचं. अंतर्वस्त्रं घालून, त्यावर फिल्म लावून साचा घेता येतो. कपड्याची शिवण उमटते, पण ती नंतर बुजवता येते. नग्न पोझशिवाय चालणारच नाही असं तो म्हणत असेल, तर ती त्याची कलात्मक अडचण आहे. तुम्ही ती सोडवायला बांधील नाही.

आता कागद. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्पाच्या व्याख्येतच कास्ट (साच्यातून काढलेली प्रत) आणि मॉडेल (इथे माणूस नव्हे, प्रतिकृती) धरलेली आहेत. म्हणजे साच्यातून निघालेल्या कामाचा हक्क साधारणपणे शिल्पकाराकडे जातो, शरीर तुमचं असलं तरी. म्हणून जे हवं ते आधीच लिहून घ्यायचं. साध्या कागदावर, दोघांच्या सह्या, मराठीत चालेल. एकाच साच्यातून किती प्रती काढणार? नंतर विकल्या तर? फायबर किंवा ब्राँझमध्ये ओतणार का? तुमचं नाव द्यायचं की नाही? समाजमाध्यमांवर टाकायचं का? प्रदर्शन संपल्यावर मूळ साचा कुणाकडे राहणार, की तुमच्यासमोर फोडणार? आणि मध्येच काम थांबवलं तरी ठरलेले पैसे पूर्ण मिळतील, हे वाक्य हवंच. त्याशिवाय माणूस ‘थांब’ म्हणायला कचरतो.

पैशांचा आकडा सांगत नाही. शहर, कॉलेज, नग्न की कपड्यांत, किती तास, यांवर तो फार बदलतो. विद्यार्थी असला तरी फुकट करू नका. येण्याजाण्याचा खर्च, तासांचा मोबदला, आणि जमलं तर एक प्रत. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये जॉन अहर्न आणि रिगोबेर्टो टोरेस या शिल्पकारांनी १९७९ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे साचे घेतले. टोरेस प्लास्टरकाम शिकला तो काकाच्या मूर्ती बनवण्याच्या कारखान्यात. ज्याचा साचा त्याला एक प्रत, अशी त्यांची पद्धत होती. ती माणसं आपापले चेहरे घरात भिंतीवर लावत. मला ही रीत पटते आणि मीही तसंच करते.

साचा धरला की टिचकी मारल्यावर टणक आवाज येतो. मग शिल्पकारानं खेचायचं नाही. तुम्ही थोडं पुढे वाकायचं, पोट आत घ्यायचं, खांदे हलवायचे. कुठेतरी हवा शिरते, ‘पुस्स्’ असा बारीक आवाज होतो, आणि ते जड, गार झालेलं कवच आपोआप पुढे सुटून हातांत येतं. त्या क्षणी स्वतःकडे आतून बघायला मिळतं, उलटं, पोकळीच्या रूपात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी पाठ इतकी रुंद आहे हे मला माहीतच नव्हतं. नंतर सुकलेले कण आधी कोरड्या हातानं झाडून टाका, मग बादलीत पाणी घेऊन पुसा. थेट न्हाणीघरात गेलात तर मोरी तुंबते.

आता हो म्हणायचं की नाही. त्याला सांगा, आधी फक्त कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताचा साचा घे. दोन रोल लागतील, वीस मिनिटांचं काम आहे. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या पिशवीतलं दमट बँडेज वापरतो की ताजं पाकीट फोडतो, पाण्यात आधी स्वतःचा हात घालून बघतो का, मध्ये ‘गरम लागतंय का?’ असं विचारतो का, ते बघा. आणि सातव्या-आठव्या मिनिटाला, काहीही होत नसताना, ‘थांब, काढ’ असं म्हणा. त्यानं कुरकुर न करता कात्री उचलली, तर पुढची तारीख ठरवा.